पाऊस थांबल्यावरचा थेंब: क्षणभंगुर निसर्गाचं पहिलं मांडणशिल्प कसं उभारावं

पाऊस नुकताच थांबलेला असतो, पण फांदी अजून ठिबकत असते. खाली साचलेल्या पाण्यात एक थेंब पडतो, वर्तुळं पसरतात आणि पाण्यावरून परतलेला उन्हाचा तुकडा शेजारच्या भिंतीवर थरथरतो. मग पाणी निवतं, ऊन ढगाआड जातं. सगळं मिळून अर्धं मिनिट.

त्या अर्ध्या मिनिटाचं मांडणशिल्प करू पाहणाऱ्या नवख्या माणसासाठी हा लेख आहे. चित्राच्या समोर आपण उभे राहतो, मांडणशिल्पाच्या आत शिरतो. जागा, वस्तू, प्रकाश, आवाज आणि तिथे घालवलेला वेळ हे सगळं मिळून ती कलाकृती होते. पहिल्या कामाला फार काही लागत नाही. अंधारी करता येईल अशी खोली, एक पसरट काळी थाळी, एक दिवा आणि थेंब पाडायची सोय एवढं पुरतं. यात जे शिकाल ते पुढे धुकं, झुळूक, कवडसा यांच्या कामातही उपयोगी पडेल, म्हणून अधूनमधून तिकडेही वळेन.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत तेच येणार आहे. नवखा माणूस निसर्गातली वस्तू उचलून आणतो: सुकलेली पानं, फांद्या, कापसाचे ढग. ती मांडली की सजावट होते, क्षण मात्र बाहेरच राहतो. क्षण वस्तूच्या वागण्यात असतो. ती कधी येते, किती थांबते, कशी जाते, ते पाहा. फांदी बाहेर राहू द्या, तिचं ठिबकणं आत आणा.

पायरी १: क्षण निवडा, आणि घड्याळ लावून पाहा

एकच क्षण घ्या. ‘पावसाळा’ हा क्षण नव्हे, ‘पहाट’ही नव्हे. ‘पाऊस थांबल्यावर फांदीवरून पडणारे शेवटचे थेंब’ हा क्षण. नेमका क्षण हाती आला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

मग वही आणि घड्याळ घेऊन बसा. फोटो नंतर काढा. कॅमेरा हातात असला की आपण चौकट शोधत राहतो आणि वेळ निसटतो. दोन थेंबांमध्ये किती सेकंद गेले ते लिहा. एका फांदीखाली बसून मी अशा नोंदी केल्या तेव्हा सुरुवातीला अंतर तीन-चार सेकंदांचं होतं, मग नऊ, चौदा, आणि पुढे चाळीसच्याही वर. वाढत जाणारी ही अंतरं हाच त्या क्षणाचा गाभा आहे, हे मला आकडे समोर आल्यावर कळलं. तोवर मी फक्त थेंबाचा आकार आणि चकाकी बघत होतो.

मोजण्याने कविता मरेल अशी भीती बाळगू नका. अमेरिकन कलाकार स्पेन्सर फिंच याने वॉल्डन तळ्याकाठी वाऱ्याचा वेग आणि दिशा नोंदवून घेतली आणि दालनात मांडलेल्या पंख्यांतून तोच वारा तसाच पुन्हा वाहता केला. कामाचं नाव आहे ‘२ तास, २ मिनिटं, २ सेकंद’, आणि त्यात कंसात जागा आणि तारीखही आहे: वॉल्डन तळ्यावरचा वारा, १२ मार्च २००७. तिथे तळं नाही, झाड नाही, पाण्याचं चित्रही नाही. अंगावर येतो तो फक्त त्या दिवसाचा वारा.

किमान तीन वेगवेगळ्या दिवशी पाहा. पहिल्या दिवशी तुम्हाला जे आधीपासून माहीत आहे तेच दिसतं.

पायरी २: तिथे घडतं काय ते समजून घ्या

या पायरीला थोडं शास्त्र लागतं, आणि ते टाळून चालत नाही. एखादी गोष्ट कशामुळे घडते हे कळलं की तीच कारणं खोलीत जुळवता येतात.

उदाहरणादाखल कवडसा घ्या. दाट पानांखाली जमिनीवर पडणारे कवडसे गोल असतात, वरच्या फटी मात्र वेड्यावाकड्या असतात. कारण प्रत्येक लहान फट सूर्याची प्रतिमा जमिनीवर पाडते. खंडग्रास सूर्यग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. म्हणजे कापलेल्या गोल भोकांतून मोठ्या ट्यूबलाइटचा प्रकाश सोडला तर कवडसा मिळणार नाही, कितीही भोकं पाडा. त्यासाठी लहान, गोल, दूरचा प्रकाश हवा.

‘लहान’ म्हणजे किती? आकाशातल्या सूर्याचा व्यास आपल्या डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचा कोन करतो. २ सेंमी व्यासाचा प्रकाशस्रोत २ मीटरवर ठेवला की तोही जवळपास तेवढाच ‘मोठा’ दिसतो. हे प्रमाण पाठ करून ठेवा. आपल्या थाळीच्या कामातही हेच लागणार आहे, कारण प्रकाशाचा स्रोत पसरट असला की भिंतीवरची थरथर विरघळून नुसता राखाडी डाग उरतो.

आता पाण्याकडे. सरळ वरून पाण्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत फिरतो, बाकीचा आत शिरतो. प्रकाश जसजसा तिरका होतो तसं परावर्तन वाढतं. पाण्याच्या पातळीशी १५ अंशांचा कोन ठेवला तर सुमारे पाचवा हिस्सा परततो. सकाळ-संध्याकाळ तळ्याकाठच्या भिंतींवर, नावेच्या कडेवर प्रकाश नाचतो त्यामागे हेच आहे. म्हणून दिवा थाळीच्या वर टांगू नका. तो बाजूला, खाली उतरलेला हवा.

थेंबाच्या ‘टप्प’ आवाजाचंही कारण जाणून घ्या. तो थेंब आदळल्याचा आवाज नसतो. थेंबामुळे झालेल्या खळग्याखाली हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो आणि तो कंप पावतो, त्याचा तो आवाज. पाण्यात भांडी घासण्याचा द्रवसाबण थोडासा मिसळला तर आवाज जवळपास नाहीसा होतो. तुमच्या क्षणात आवाज हवा की नको, हे त्यामुळे तुमच्या हाती येतं. मी तो ठेवतो. अंधारात आधी आवाज येतो आणि मग डोळे त्याला शोधायला जातात.

पायरी ३: खोलीच्या कोपऱ्यात जुळणी

आता प्रत्यक्ष काम. थाळी साधारण ६० बाय ९० सेंमीची, आतून मॅट काळी घ्या. काळा तळ महत्त्वाचा, नाहीतर तळाचाच प्रकाश उसळतो आणि पृष्ठभागावरची हालचाल त्यात बुडते. ती ६० सेंमी उंचीच्या भक्कम चौथऱ्यावर ठेवा, लेव्हल लावून सपाट करा आणि मगच पाणी भरा. ३ सेंमी पाणी म्हणजे १६ लिटर, म्हणजे १६ किलो. भरलेली थाळी कुणालाही न सांडता हलवता येत नाही.

थाळीची लांबी दिव्याकडून भिंतीकडे जाईल अशी ठेवा. दिवा थाळीच्या मध्यापासून आडव्या अंतराने २ मीटरवर, पाण्याच्या पातळीच्या सुमारे ५४ सेंमी वर. यातून १५ अंशांचा कोन साधतो. पलीकडची भिंत थाळीच्या मध्यापासून अडीच मीटरवर असेल तर परतलेला प्रकाश जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर पडतो. म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. तिथे साधारण १३५ सेंमी रुंद आणि अर्धा मीटर उंच असा उजेडाचा पट्टा मिळेल. भिंत पांढरी किंवा मळकट पांढरी, पण बिनचकाकीची हवी.

दिव्यासाठी अरुंद झोताचा एलईडी स्पॉट घ्या, ज्यात एकच प्रकाशबिंदू आहे असा. अनेक बारीक एलईडींचा गुच्छ असलेला दिवा घेतलात तर प्रत्येक लाट भिंतीवर दहादहा वेळा उमटेल. झोताच्या कडा काळ्या पुठ्ठ्याच्या झापडांनी कापा, म्हणजे उजेड फक्त पाण्यावर पडेल. हे झापडांचं काम कंटाळवाणं आहे, तास-दीड तास सहज जातो. पण भिंतीवर थेट गळालेला एक पट्टाही सगळं उघडं पाडतो.

रंगाबद्दल थोडं. पावसानंतरचं उतरतं ऊन हवं असेल तर ३००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचं माप, आकडा कमी तितका पिवळसर) आसपासचा दिवा घ्या. दुपारसाठी ५५००. लक्षात ठेवा, जुना तारेचा बल्ब डिमरने मंद केला की तो पिवळा-तांबूस होतो, साधा एलईडी मंद झाला तरी रंग तोच ठेवतो. सूर्यास्त दाखवू पाहणारे कित्येकजण इथेच फसतात.

थेंबासाठी कोरा, न वापरलेला सलाइनचा सेट उत्तम. त्याची चाकाची कळ थेंब बारीक नियंत्रित करते. नेहमीच्या सेटमध्ये १ मिलिलिटरचे २० थेंब होतात. दर ४० सेकंदांना एक थेंब धरला तर तासाला साडेचार मिलिलिटर पाणी लागतं, दिवसभरासाठी छोटी वाटीसुद्धा पुरते. मात्र वरचं भांडं पसरट घ्या. उभट भांड्यातली पातळी झपाट्याने उतरते आणि तिच्याबरोबर थेंबांची गतीही. नळीचं तोंड पाण्यापासून ७० सेंमीवर ठेवून सुरुवात करा. शिंतोडे उडत असतील तर खाली आणा.

थाळीच्या उभ्या कडांवर आपटून लाटा परत येतात आणि पाणी लवकर शांत होत नाही. त्यावर उपाय म्हणून चारही कडांना आतून जाड वाळूचा उतार द्या, छोट्या किनाऱ्यासारखा. लाट त्यावर चढते आणि विरते. ही एक दुरुस्ती केल्यावर माझ्या थाळीतली शांतता पहिल्यांदा खरी वाटली.

पायरी ४: वेळ रचा

लेखातली सर्वात महत्त्वाची पायरी हीच, आणि नवखे लोक हिलाच सर्वात कमी वेळ देतात.

माझ्या पहिल्या प्रयोगात एक छोटी मोटर दर पाच सेकंदांनी थेंब पाडायची. प्रकाश सुंदर होता. लोक आत यायचे, तीन थेंब पाहायचे आणि निघून जायचे, कारण तीन थेंबांत त्यांना पुढचं सगळं कळलेलं असायचं. मग मी वहीतल्या नोंदींकडे परत गेलो आणि अंतर वाढवून अनियमित केलं. एक बाई जवळजवळ निघाल्या होत्या, तेवढ्यात थेंब पडला. त्या परतल्या आणि पुढच्या थेंबासाठी बराच वेळ खाली बसून राहिल्या. वाट पाहणं आत आल्याशिवाय जाणंही आत येत नाही.

अनियमितता आणायची एक सोपी युक्ती आहे. दोन नळ्या लावा, एक दर ४१ सेकंदांनी ठिबकणारी, दुसरी ५९ सेकंदांनी. या दोन्ही मूळ संख्या असल्याने तोच मेळ पुन्हा जुळायला ४० मिनिटांहून जास्त लागतात. हाताने लावलेली कळ थोडी इकडेतिकडे सरकतेच, आणि इथे ते उपकारकच ठरतं. झुळकेच्या कामात तर ही युक्ती सोन्यासारखी आहे. एकाच वेगाने चालणारा पंखा कापडाला यंत्रासारखं हलवतो. तीन लहान पंखे टायमरवर १७, २३ आणि २९ सेकंदांच्या चक्रांत ठेवले, आणि त्यांचा वारा थेट न सोडता भिंतीवर आपटून येऊ दिला, तर तोच क्रम तीन तासांहून अधिक काळ पुन्हा येत नाही.

किती रिकामा वेळ ठेवायचा? मनाला पटतो त्यापेक्षा जास्त. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या पठारावर कलाकार वॉल्टर डी मारियाने १९७७ मध्ये पोलादाचे ४०० खांब एक मैल बाय एक किलोमीटरच्या जाळीत उभे केले. नाव ‘द लाइटनिंग फील्ड’. वीज तिथे क्वचितच पडते. पाहायला आलेल्यांना रात्रभर मुक्काम करावा लागतो, आणि पहाटे व संध्याकाळी खांबांवर चढणारा-उतरणारा उजेडच त्यांच्या वाट्याला येतो. विजेची नुसती शक्यता तिथे उभी आहे. तुमच्या खोलीत तेवढं धाडस नको, पण दोन थेंबांमध्ये भिंत पूर्ण स्थिर झालेली दिसली पाहिजे. स्थिर झाल्यावरही थोडं थांबा, मग थेंब.

पायरी ५: माणूस कुठून येईल, कुठे बसेल

उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पण पहिल्या काही मिनिटांतच बराच फरक पडतो. म्हणून दारातून थेट थाळीपाशी आणू नका. काळ्या पडद्यांची एक वळणदार वाट करा, दोन वळणांची. वाटेत पायाशी मंद उजेड असू द्या, कुणी अडखळायला नको.

पहिल्यांदा थरथरणारी भिंत दिसावी, मग थाळी, आणि दिवा शक्यतो दिसूच नये. परिणाम कशामुळे होतो ते आधी दिसलं की तो फिका पडतो. लक्षात घ्या, प्रत्येक जागेवरून दृश्य वेगळं असतं, आणि ते वेगळेपण वापरता येतं. कलाकार ओलाफुर एलियासनच्या १९९३ च्या ‘ब्यूटी’ या कामात अंधाऱ्या खोलीत बारीक तुषारांचा पडदा आणि एक दिवा, एवढंच आहे. ठरावीक जागी उभं राहिलं की त्यात इंद्रधनुष्य दिसतं, पाऊल सरकलं की जातं. इंद्रधनुष्य प्रकाशाच्या उलट दिशेपासून साधारण ४२ अंशांवर दिसतं, त्यामुळे दोन माणसांना कधीच अगदी तेच धनुष्य दिसत नाही. असं काही करायचं असेल तर दिवा प्रेक्षकाच्या पाठीशी हवा.

बसायला ठेंगणा बाक ठेवा. उभा माणूस निघायच्या तयारीत असतो. आणि बाहेरच्या पाटीवर ‘हा पाऊस आहे’ असं लिहू नका. साहित्य लिहा: पाणी, वाळू, प्रकाश.

धुक्याकडे वळणार असाल तर

धुकं मोहवतं, आणि त्याचा मोठा इतिहासही आहे. जपानी कलाकार फुजिको नाकाया यांनी १९७० मध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनातील पेप्सी पॅव्हिलियन शुद्ध पाण्याच्या धुक्याने वेढला होता. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया हे हिमस्फटिकांवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. या धुक्याला आकार देतात तो वारा आणि हवेतली आर्द्रता, कलाकार फक्त जागा आणि तोट्या ठरवतो.

घरगुती प्रयोगासाठी अल्ट्रासॉनिक यंत्र मिळतं. त्यातली चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा कंप पावते आणि पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब उडवते. पण हे थेंब श्वासाबरोबर आत जातात, म्हणून साठलेलं, जुनं पाणी अजिबात वापरू नका. त्यातले जीवाणू फुफ्फुसांत जाऊ शकतात. डिस्टिल्ड पाणी घ्या, रोज भांडं रिकामं करून पुसा. धुक्याने फरशी ओली होते, लोक घसरतात. माझं मत विचाराल तर पहिलं काम धुक्याचं करू नये. ते इतकं चटकन सुंदर दिसतं की आपण विचार करायचं थांबतो.

पायरी ६: सुरक्षितता, आधी आणि रोज

पाणी आणि वीज एकत्र आहेत. १२ व्होल्टचा दिवा वापरा, अडॅप्टर जमिनीवर न ठेवता थाळीपासून दूर आणि उंचावर ठेवा. वायरला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. खोलीच्या वीजजोडणीत आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, त्याशिवाय काम उघडू नका. पडदे आगप्रतिबंधक असावेत आणि बाहेर पडायची वाट मोकळी. टांगलेली प्रत्येक वस्तू दोन स्वतंत्र आधारांवर. तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) डोळ्यांना दिसत नाही म्हणून सोयीचा, पण कडेवर घासून तो अचानक तुटतो, तेव्हा दर आठवड्याला तपासा. लखलखणारा, फडफडणारा प्रकाश वापरणार असाल तर दारातच सूचना लावा, अपस्मार असलेल्या काहींना त्याने झटका येऊ शकतो.

पाण्यावर रात्रीत धुळीची साय धरते आणि लाटा मंदावतात. सकाळी कोरा कागद पृष्ठभागावरून अलगद ओढून घ्या, साय त्याला चिकटून येते. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, डासांचाही प्रश्न आहे.

पायरी ७: नोंद, आणि उतरवणं

असं काम उरत नाही, त्यामुळे छायाचित्र हा जोडउद्योग नसून कामाचाच भाग होतो. ब्रिटिश कलाकार अँडी गोल्ड्सवर्दीची बर्फाची, पानांची कामं वितळतात, वाऱ्याने विस्कटतात, आपण ती फोटोंतूनच ओळखतो. डच कलाकार बर्नडनॉट स्मिल्डे बंद दालनात धूर आणि बाष्पाचा एक ढग तयार करतो. तो काही क्षणच टिकतो, आणि जगाला दिसतं ते त्या क्षणाचं छायाचित्र.

कॅमेरा तिकाटण्यावर लावा, फ्लॅश बंद. एक फोटो भिंत स्थिर असतानाचा घ्या, एक थेंब पडल्यानंतर लगेचचा, आणि एक वर्तुळं जवळपास विरल्यावरचा. एलईडीचा प्रकाश व्हिडिओत पट्ट्यापट्ट्यांनी फडफडताना दिसला तर शटरचा वेग बदलून पाहा. मग एक सलग, न कापलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्या, आवाजासकट. लोकांना दाखवताना तुम्हाला तो कापावासा वाटेल, पण मूळ प्रत तशीच ठेवा. पुढच्या वेळी अंतरं जुळवताना तीच कामाला येते.

उतरवताना आधी वीज काढा, मग नळ्या, मग पाणी मगाने उपसा. वाळू धुऊन उन्हात वाळवा. चौथऱ्याच्या आणि दिव्याच्या जागी जमिनीवर लावलेल्या चिकटपट्टीच्या खुणा काढण्यापूर्वी अंतरं वहीत उतरवून घ्या, पहिल्या पानावरच्या फांदीच्या सेकंदांशेजारी.